लेखी द्या!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मी मराठी विभागासाठी लिहिणार असं कळल्यावर हॉस्टेलवर जो हशा पिकला तो साहजिकच म्हणायला हवा. पण याच कॉन्व्हेंटच्या कृपेने गेली दोन वर्षं माझ्याकडे एक वेगळंच खातं आलंय. कुणाच्या घरी बँकेचं, विमा कंपनीचं किंवा फायनान्सवाल्यांचं इंग्रजी पत्र आलं, की त्याचा फोटो मुलीच्या मोबाईलवर येतो आणि ती मुलगी माझ्या खोलीत. "वाच ना, काय म्हणतायत ते?" सबमिशनच्या आठवड्यातसुद्धा यातून सुटका नाही! अशी पंधरा-वीस पत्रं वाचून माझं एक मत झालंय. आपल्याकडची माणसं पैशाचं भांडण तोंडी भांडतात आणि म्हणूनच हरतात. समोरची पार्टी मात्र पहिल्या दिवसापासून सगळं कागदावर करत असते.

माझ्या रूममेटच्या वडिलांचंच घ्या. वाशीम जिल्ह्यात त्यांचं छोटं किराणा दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात काकांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, बिल ८६ हजार. घरात चार वर्षांपासून आरोग्य विमा होता, हप्ता एकदाही चुकलेला नाही. तरी क्लेम नामंजूर. कारण काय, तर पॉलिसी घेताना तुम्ही जुना रक्तदाबाचा विकार लपवलात. काकांनी एजंटला फोन केला. तो म्हणाला, "बघतो." कंपनीला फोन केला. त्यांनी तक्रारीचा नंबर दिला आणि तेही "बघतो" म्हणाले. तीन महिने या बघण्यात गेले. तोपर्यंत हॉस्पिटलसाठी नातेवाइकाकडून घेतलेल्या पैशांवर व्याज चढत होतं, आणि इकडे हिच्या फीचा दुसरा हप्ता थांबला होता. ही मुलगी रात्री अकरा वाजता गॅलरीत उभी राहून घरी "नाही हो बाबा, मी इथे शिकवण्या घेते ना" असं सांगायची. बाकी मी काही लिहीत नाही.

शेवटी आम्ही हॉस्पिटलकडून केस पेपरच्या प्रती मागवल्या. त्यात उत्तर सापडलं. काकांना रात्री दोन वाजता ॲडमिट केलं तेव्हा ज्युनिअर डॉक्टरने नेहमीचा प्रश्न विचारला, "बीपीचा त्रास?" सोबत आलेले चुलते म्हणाले, "आहे की, असेल पाच-सहा वर्षं." झालं! कागदावर 'सहा वर्षं' आलं आणि पॉलिसी तर चार वर्षांची. प्रत्यक्षात काकांची गोळी सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांच्या गावच्या डॉक्टरकडे पहिल्या चिठ्ठीची तारखेसकट नोंद होती. ती कंपनीने मागितली नाही आणि काकांनी दाखवली नाही, कारण नामंजुरीच्या पत्रातल्या 'वी रिग्रेट'चा अर्थ काकांच्या मते 'निकाल लागला' असा होता.

तो निकाल नसतो, मंडळी. ते फक्त एका पार्टीचं म्हणणं असतं. आणि ते म्हणणंसुद्धा मोघम चालत नाही. दावा नाकारायचा तर पॉलिसीतली कोणती अट मोडली ते दाखवून कारण द्यावं लागतं. ते दिलं नसेल तर तेच लेखी मागायचं. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र, सोबत कागदांच्या प्रती (मूळ कागद कधीही नाही!). एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जायचं. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी एक पैसाही नाही, आणि वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. लोकपालांचा निवाडा कंपनीला बांधील असतो, आपल्याला नसतो. म्हणजे नाही पटला तर ग्राहक आयोगाची वाट उघडी आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैत लागू झाल्यापासून आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ज्या महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तिथल्या दुकानदाराला हे ठाऊक नसावं याचं मला वाईट वाटतं.

काकांच्या बाबतीत तक्रार अधिकाऱ्याने पहिल्याच पत्राची नक्कल पाठवली. (आपल्यातले काही लोक असाइनमेंट अशाच करतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.) मग आम्ही लोकपालांकडे अर्ज केला. दीड पानाचा. त्यात एकही रडगाणं नाही, फक्त तारखा. अर्ज दाखल झालाय, सुनावणी व्हायची आहे. काय होईल ते होईल, पण निदान आता काका स्वतः फाइल ठेवतात.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रत्येक वेळी कंपनीच चोर असते असं नाही. दुसऱ्या एका मुलीच्या घरच्या पत्रात मधुमेह लपवल्याचा आरोप होता आणि मधुमेह खरोखर दहा वर्षांचा होता. एजंटने कोऱ्या फॉर्मवर सही घेतली आणि आजारांच्या सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहून टाकलं. फॉर्म इंग्रजीत, सही मराठीत, आणि सहीखाली 'मला हा मजकूर समजावून सांगितला' असं निवेदन. तेही इंग्रजीत! अशा वेळी मी तरी काय पत्र लिहिणार? पॉलिसी घरी आली की तिच्यासोबत आपण भरलेल्या फॉर्मची प्रत असते. ती वाचायला आणि नको असेल तर पॉलिसी परत करायला २०२४ पासून ३० दिवस मिळतात. आपण दोन रुपयांच्या आयसीची डेटाशीट वाचतो, मग वडिलांच्या पॉलिसीचा फॉर्म वाचायला काय हरकत आहे? चुकीचं काही सापडलं तर तेव्हाच लेखी दुरुस्त करून घ्यायचं. आरोग्य विमा सलग ६० महिने चालला, की 'माहिती लपवली' या कारणाने दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. आधी ही मुदत ८ वर्षं होती. काकांना या नियमाचा उपयोग नव्हता, त्यांची चारच वर्षं झालेली.

आता कर्जाकडे वळू, कारण तो आजार हॉस्टेलवरच आहे, वाशीमला जायला नको. ॲपवरून पाच हजार घेतले, 'प्रोसेसिंग'चे आठशे कापून हातात आले बेचाळीसशे आणि पंधरा दिवसांनी परत द्यायचे पाच हजार. एम-थ्री पास झालेल्या मंडळींनी वर्षाचा दर काढून बघावा, साडेचारशे टक्क्यांच्या वर जातो. क्रेडिट कार्डवर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला एकावन्नच्या वर. सावकाराला आपण शिव्या देतो आणि याला 'ऑफर' म्हणतो!

पण माझं म्हणणं कर्ज घेऊ नका एवढंच नाही. घेतलं आणि थकलं तर लाज वाटून तोंड लपवू नका, हे जास्त महत्त्वाचं. वसुलीवाले नेमके त्या लाजेवर जगतात. 'तुझ्या कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या सगळ्यांना मेसेज करू' ही धमकी चालते ती त्यामुळेच. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास द्यायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा बजावलं. त्याच वर्षीच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे ॲपने आपल्या फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट आणि फोटो उघडायचे नाहीत, आणि कर्ज देण्याआधी सगळा खर्च धरून वार्षिक दर एका कागदावर दाखवायचा. त्यामुळे कॉलची तारीख, वेळ, स्क्रीनशॉट ठेवा. आधी त्या बँकेला किंवा फायनान्स कंपनीला लेखी तक्रार करा, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे. ऑनलाइन जमत नसेल तर साधं पत्र चंदीगडच्या केंद्राला पाठवता येतं, तेही फुकट. ॲपच्या मागे बँक किंवा नोंदणीकृत कंपनीच नसेल तर मात्र लोकपालांचा उपयोग नाही. तो सरळ पोलिसांचा विषय आहे.

आणि तडजोड करताना, 'निम्मे भरा, मिटवून टाकू' म्हणतात तेव्हा, आधी तसं पत्र घ्या, मग पैसे भरा. उलट्या क्रमाने केलेल्यांची रडकथा मी वाचली आहे. शिवाय अशा कर्जापुढे क्रेडिट रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' असं लागतं, 'क्लोज्ड' नाही, आणि पुढच्या कर्जाच्या वेळी बँकवाले ते बघतात. हा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात चूक असेल आणि तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते. पॉकेटमनीचा याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही!

मुलांच्या हॉस्टेलसाठी खास : "बाईक दे ना, पाच मिनिटांत आलो" म्हणणाऱ्याकडे लायसन्स आहे का, हे विचारायला लाजू नका. लायसन्स नसलेल्याने कुणाला उडवलं तर विमा कंपनी जखमीला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच ते स्पष्ट केलंय. मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे तो, बहुतेक वेळा आपले वडील.

सुट्टीत घरी गेलात की आई-बाबांची पासबुकं एकदा चाळा. मे महिन्याच्या शेवटी २० रुपये आणि ४३६ रुपये अशा कापलेल्या रकमा दिसतील. पहिली अपघात विम्याची, दुसरी जीवन विम्याची, दोन्ही केंद्र सरकारच्या योजना, प्रत्येकी २ लाखांच्या. खात्यात तेवढे पैसे नसले तर संरक्षण त्या वर्षापुरतं संपतं, कुणी फोन करून सांगत नाही. आणि असले तरी घरातल्यांना माहीत नसेल तर दावा करणार कोण?

हाच प्रश्न आपल्या कॉलेजलाही लागू आहे. फीच्या पावतीत 'विद्यार्थी विमा' अशी एक ओळ असते. मी आमच्या मजल्यावर दहा जणींना विचारलं, एकीलाही पॉलिसी कसली आहे ते सांगता आलं नाही. ऑफिसमध्ये गेले तर भाऊंनी कपाटातून फाइल काढून लगेच दाखवली, तक्रार काहीच नाही. पॉलिसी फक्त अपघाताची आहे, आजारपणाची नाही, आणि अपघाताची खबर ठराविक दिवसांत द्यावी लागते. पण डेंग्यू झालेली मुलगी त्या विम्यावर विसंबून आणि पाय मोडलेला मुलगा त्या विम्याचा पत्ताच नसल्यामुळे, दोघंही कोरडेच राहतात. म्हणून रेक्टर मॅडमना आणि सरांना विनंती आहे, त्या पॉलिसीच्या पहिल्या दोन पानांची झेरॉक्स दोन्ही हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावावी. मेसच्या वेळापत्रकाशेजारी जागा आहे. मागच्या गॅदरिंगचं पोस्टर तेवढं काढावं लागेल. तसा लेखी अर्ज मी दिला आहे, पोच घेऊन.