घराचा सौदा आणि हळकुंड



सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा आपला व्यापारी ढिगातले हळकुंड उचलतो, मोडून आतला रंग पाहतो आणि मगच बोली बोलतो. फरक पडणार असतो तो क्विंटलमागे काही रुपयांचा. हाच गृहस्थ दीड कोटींचा बंगला घेताना मात्र रंगीत माहितीपत्रक, नमुना घरातील झुंबर आणि विकणाऱ्याची गोड वाणी एवढ्यावर इसार देऊन मोकळा होतो. हे आम्ही टीका म्हणून लिहीत नाही. आमच्याच एका स्नेह्यांच्या घरी नुकतेच घडलेले सांगत आहोत.

या कुटुंबाची पेढी गणपती पेठेत, राहते घर वरच्या मजल्यावर. 2005 चा पूर त्यांनी पाहिला, 2019 चा पाहिला आणि 2021 चाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली. तेथील धोक्याची पातळी 45 फूट. त्या वेळी घरातील वृद्ध आजींना नावेत बसवून बाहेर काढावे लागले. तेव्हाच मुलांनी ठरविले की आता पेठ सोडायची. शहराच्या कडेला आलिशान बंगल्यांची एक योजना त्यांच्या मनात भरली. पाच लाख रुपये इसार दिला आणि त्यानंतर कागद आम्हांस दाखवावयास आणले. (आधी इसार, मग सल्ला, हा क्रम आपल्या समाजात इतका रूढ आहे की त्याचे आता नवल वाटत नाही.)

आम्ही त्यांना दोन माणसांकडे पाठविले, एक वकील आणि एक स्थापत्य अभियंता. दोघेही विकणाऱ्याने सुचविलेले नव्हते, ही गोष्ट मुद्दाम नमूद करतो. दलालाची दलाली सौदा झाला तरच मिळते. बँकेचा वकील आणि मूल्यांकन करणारा बँकेचे कर्ज सुरक्षित आहे की नाही, एवढेच पाहतात. तुमच्या बाजूने पाहणारा माणूस हवा असेल तर त्याची फी तुम्हीच दिली पाहिजे. दीड कोटींच्या व्यवहारात ती फी एखाद्या खोलीच्या फरशीहूनही कमी भरते, तरी तिच्यावरच आपण घासाघीस करतो.

अभियंत्यांनी फरशी पाहिली नाही, झुंबरही पाहिले नाही. ते शेजारच्या मळ्यातील जुन्या गोठ्याकडे गेले आणि भिंतीवर पुराच्या गाळाची रेघ कोठे आहे ते पाहून आले. मग जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषांचा नकाशा मिळविला. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई; निळ्या आणि लाल रेषेमधील पट्ट्यात जोत्याची उंची वगैरे अटी पाळून परवानगी मिळू शकते. आमच्या स्नेह्यांचा बंगला नेमका या मधल्या पट्ट्यात होता. परवानगी कायदेशीर होती, कागदात खोट नव्हती. परंतु पुराला कंटाळून पेठ सोडणारे कुटुंब लाखो रुपये खर्चून पुन्हा पुराच्याच वाटेवर जाऊन बसणार होते. शिवाय जमीन काळ्या मातीची. ती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तेव्हा पाया खाली मुरुमापर्यंत नेला आहे काय, असा प्रश्न अभियंत्यांनी केला. त्यास विकणाऱ्याने नीट उत्तर दिले नाही.

वकिलांचे काम अधिक संथ. त्यांनी 30 वर्षांचा शोध घेतला, जुने सातबारे व फेरफार काढले. जमीन मूळ मालकाची वडिलोपार्जित. त्याच्या दोन मुलींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र कोठेही सापडेना. हिंदू वारसा कायदा आपणा जैनांनाही लागू आहे. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले. उद्या त्या बहिणी दारात उभ्या राहिल्या असत्या तर त्यांचे काहीच चुकले नसते.

प्रकल्प महारेरात नोंदलेला होता, म्हणून सारे निर्वेध असावे असे मुलांना वाटले होते. त्या कायद्याचे संरक्षण मोठे आहे यात शंका नाही. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ग्राहकांच्या पैशातील 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात, बांधकामातील दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून 5 वर्षे राहते. तथापि नोंदणी म्हणजे घर उत्तम असल्याचा दाखला नव्हे. संकेतस्थळावर ठेवलेली कागदपत्रे उघडून वाचणारा कोणी तरी लागतोच.

इसारापैकी चार लाख रुपये तीन महिन्यांनी परत आले. एक लाख त्यांनी सोडून दिले.

साताऱ्याकडील वाचकांचा प्रश्न निराळा. यवतेश्वर, कासच्या बाजूला डोंगरउतारावर सुट्टीचा बंगला घेण्याची हौस वाढली आहे. तेथे जमीन बिगरशेती झाली आहे काय, हे प्रथम पाहावे; शेतकरी नसलेल्या व्यापाऱ्याला कूळकायद्यानुसार परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तेथील बंधने आणखी कडक. आणि उतार कापून केलेल्या सपाटीवर पावसाचे पाणी कोठून वाहते, हे पावसाळ्यातच जाऊन पाहावे. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव येथे दरडींनी काय केले, हे साताऱ्याच्या माणसाला सांगावयास नको.

कराच्या गोष्टी सनदी लेखापालांना विचाराव्यात. 50 लाखांच्या व त्यावरील घराच्या किमतीतून 1 टक्का कर खरेदीदारानेच कापून भरावयाचा असतो, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर वस्तू व सेवा कर लागत नाही, एवढे येथे पुरे.

आणखी एक जाणकार घरातच होती आणि तिला कोणी विचारले नव्हते. दुसरे घर शोधताना मुले उंच इमारतीतील नवव्या मजल्यावर रमली. आजींनी तीनच प्रश्न केले. मुनिमहाराज आहाराला आले तर नऊ जिने चढणार काय? चौक्यासाठी विहिरीचे पाणी कोठून आणायचे? जिनमंदिर पायी जाण्याच्या अंतरावर आहे काय? वास्तुविशारदाच्या यादीत यातील एकही प्रश्न नव्हता.

अखेर विश्रामबागेच्या बाजूला, उंचावर, दहा वर्षांपूर्वी बांधलेला एक आटोपशीर बंगला ठरला. आवारात विहीर आहे. वकील, अभियंता, लेखापाल सर्वांनी होकार दिला. तेव्हा आजी म्हणाल्या, "माझ्या परिग्रहपरिमाणात एकच घर आहे." तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे अतिचार सांगताना क्षेत्र आणि वास्तु यांचाच उल्लेख प्रथम येतो, हे मुलांना पाठ होते, परंतु खरेदीच्या हिशेबात कोणी ते धरले नव्हते. पेठेतील घरावर आजींचे नाव आहे. ते घर धाकट्या चुलत्यांच्या नावे करून देण्याचा दस्त तयार झाला असून नोंदणी चैत्रात व्हावयाची आहे. तोपर्यंत मुले नव्या बंगल्यात आणि आजी पेठेतच राहत आहेत.