खारट शेतातलं उपाशी रोप

दोस्तांनो, काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं, की थोड्याच वेळात वाडग्यात पाणी जमतं. हे पाणी आलं कुठून? काकडीतूनच! बाहेर मीठ जास्त झालं, की पेशींतलं पाणी तिकडे ओढलं जातं.

हेच शेतात झालं तर? कोकणात खाडीकाठी खारजमिनी आहेत. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून शेतकरी मातीचे बांध घालतात. उधाणात बांध फुटला, की खारं पाणी थेट भातात! समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तुम्ही म्हणाल, पाणी तर मिळालं ना? पण क्षारांमुळे मुळांना ते ओढून घेणं जड जातं. म्हणजे पाण्यात उभं राहूनही रोप तहानलेलंच!

मग पान काय करतं? आहे ते पाणी उडून जाऊ नये म्हणून आपली पर्णरंध्रं मिटून घेतं. पण कार्बन डायऑक्साइड आत येतो तो याच दारांतून. दार बंद, कच्चा माल बंद! ऊन लख्ख पडलंय, पण साखर बनवायची कशाची?

पुढे आणखी एक संकट येतं. मिठातला सोडियम पानात साठतो आणि पोटॅशियमची जागा अडवतो. विकरांचं काम बिघडतं, हरितद्रव्य कमी होतं, पान पिवळं पडतं. प्रकाशसंश्लेषण मंदावलं, की लोंबीत दाणे भरत नाहीत. शेतकऱ्याच्या हाती उरतात पोचट दाणे.

हे संकट फक्त समुद्रकाठीच येतं असं नाही हं! सांगली-कोल्हापूरकडे उसाला बेसुमार पाणी देऊन, निचरा नसल्यामुळे जमिनी खारावल्या आहेत. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मात्र वरच राहतात.

यावर उपाय? निचऱ्यासाठी चर खणायचे, गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढायचं आणि खारेपणा सोसणारं बियाणं पेरायचं. गोव्याच्या खाजणांतला कोरगुट भात असाच चिवट. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानेही असे वाण तयार केलेत. खाडीतलं तिवर तर पानांवाटे मीठ बाहेर टाकतं!

आता एक प्रयोग. दोन कुंड्यांत मूग पेरा. रोपं वीतभर झाली, की एकीला साधं पाणी द्या, दुसरीला लिटरभर पाण्यात दोन चमचे मीठ घालून. दहा दिवस रोज पानं बघा आणि वहीत टिपून ठेवा. कुठलं पान आधी मलूल झालं? आणि कारण काय, ते घरच्यांना तुम्हीच समजावून सांगा!