सुटे भाग, मक्तेदारी आणि घरचा पाना

रविवारी सकाळी शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या आवारात अलीकडे एक दृश्य अधूनमधून दिसू लागले आहे. छोटी मोटार मागच्या बाजूने जॅकवर उचललेली असते, चाक काढून भिंतीला टेकवलेले असते आणि शेजारी विटांची एक चळत रचलेली असते. गाडीचा मालक, बहुधा बँकेतला किंवा शाळेतला नोकरदार, एका हातात पाना व दुसऱ्या हातात भ्रमणध्वनी घेऊन उकिडवा बसलेला असतो. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर कोणी अनोळखी गृहस्थ तेच काम करून दाखवीत असतो. टपालाने घरपोच आलेली रबरी बफरची जोडी मागच्या स्प्रिंगांच्या वेढ्यांत बसवण्याचा किंवा मूळ स्प्रिंगा व शॉकॲब्सॉर्बर काढून अन्य बनावटीचे घालण्याचा हा उद्योग असतो. शेजारीपाजारी कौतुकाने किंवा काळजीने पाहतात आणि निघून जातात. हा हौशी माणसाचा छंद आहे असे समजून त्याकडे दुर्लक्ष करता येईल. परंतु त्याच्या मुळाशी असलेले अर्थकारण पाहिले तर तसे दुर्लक्ष करणे बरोबर ठरणार नाही.

या उद्योगाचे तात्कालिक कारण बहुतेक वेळा डिकीत असते. पेट्रोलचा खर्च सोसेनासा झाला तेव्हा मध्यमवर्गाने सी. एन. जी.चा आश्रय घेतला. पोलादी टाकी, तिचा सांगाडा व भरलेला वायू मिळून साठ-सत्तर किलोंचा बोजा मागच्या चाकांवर कायमचा येतो. म्हणजे एक वाढीव प्रवासी चोवीस तास डिकीत बसवून ठेवल्यासारखेच. त्यात दिवाळीला चार माणसे आणि सामान घेऊन गावी निघाले की गाडी मागून बसते आणि गतिरोधकावर खालून घासते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक मध्यभागी दहा सेंटिमीटर उंच आणि पावणेचार मीटरच्या आसपास रुंद, उतरत्या पाठीचा असावा. आपल्या गल्लीबोळांतून जे उंचवटे नगरपालिकांच्या व सोसायट्यांच्या कृपेने उभे राहतात, त्यांचा या मानकाशी काडीचाही संबंध नसतो. गाडी मागून बसली की पुढचे दिवे वर उचलले जातात आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप येते, हा आणखी एक परिणाम. पण तो भोगणारा दुसरा असल्यामुळे मालकाला जाणवत नाही.

कारखान्यातूनच सी. एन. जी. बसवून येणाऱ्या गाड्यांत हा बोजा धरून मागच्या स्प्रिंगांची आखणी केलेली असते. टाटा कंपनीने २०२३ मध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवण्याची योजना बाजारात आणली, तिच्यामुळे डिकीतली जागाही वाचली. प्रश्न आहे तो बाहेरून टाकी बसवून घेतलेल्या जुन्या गाड्यांचा. येथे शासनाची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. टाकी बसवायची तर मान्यताप्राप्त संच हवा, अधिकृत केंद्र हवे, नोंदणीपुस्तकात नोंद हवी. हे सर्व योग्यच आहे. मात्र त्या टाकीचा भार ज्या स्प्रिंगेने पेलायचा तिची विचारपूस करण्याची गरज या साऱ्या सोपस्कारांत कोणाला भासलेली दिसत नाही.

अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या काळात ही अडचण निराळ्या रीतीने सुटत असे. त्या गाड्यांना मागे पाटे होते. पाटे बसले की मिस्त्री ते उतरवून, ठोकून त्यांची कमान पुन्हा वाढवी. फार झाले तर एक पाटा वाढवी. या कामाचे ज्ञान लोहाराच्या भात्यापासून गॅरेजपर्यंत सर्वत्र पसरलेले होते, ते कोणा एका कंपनीच्या कपाटात नव्हते. वेटोळ्याच्या स्प्रिंगेला असे ठोकून चालत नाही. ती बसली की बदलायची, हाच उपाय. म्हणजे तंत्र सुधारले, प्रवास सुखाचा झाला, आणि त्याच वेळी दुरुस्तीची जागा सुट्या भागाच्या विक्रीने घेतली. पुढे काय झाले ते समजण्यासाठी हा बदल ध्यानात ठेवला पाहिजे.

आता अंगणातल्या त्या उद्योगात धोका किती? गाडीचे वजन स्प्रिंग पेलते, शॉकॲब्सॉर्बर पेलत नाही. स्प्रिंगेची उसळी आवरणे एवढेच त्याचे काम. स्प्रिंगेच्या दोन वेढ्यांत रबर बसवले की तेवढे वेढे निकामी होतात आणि उरलेली स्प्रिंग ताठर बनते. गाडी मागून उचलली जाते खरी, परंतु ताठर झालेल्या स्प्रिंगेची उसळी आवरण्याची मूळ शॉकॲब्सॉर्बरची ताकद वाढलेली नसते. रिकामी गाडी खडबडीत रस्त्यावर मागून उडू लागते, आणि उडणाऱ्या चाकाची रस्त्यावरची पकड तेवढ्यापुरती सुटते. काही गाड्यांत मागच्या चाकांच्या ब्रेकचा दाब ठरवणारी झडप मागच्या आसाच्या उंचीशी जोडलेली असते. अशा गाडीची मागची बाजू बाहेरच्या स्प्रिंगेने उंच केली की भरलेली गाडीही त्या झडपेला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. आणखी एक बारीक गोष्ट. रबरी बुश असलेले बोल्ट चाक हवेत लोंबकळत असताना घट्ट आवळायचे नसतात. गाडी जमिनीवर उतरवून तिचे वजन चाकांवर आल्यानंतर आवळायचे असतात. अन्यथा बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि अकाली फाटतो. हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या दृष्टीने काम अवघड नाही. ज्याला ठाऊक नाही त्याला ते कळण्याचा अधिकृत मार्ग जवळजवळ नाही. विटांच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली शिरणे तर सरळसरळ जिवाशी खेळ आहे. वीट दाबाखाली कोणतीही सूचना न देता फुटते.

एवढा धोका सुशिक्षित माणूस का पत्करतो? मजुरी वाचवण्यासाठी, हे उत्तर पाश्चात्त्य देशांत खरे असेल. तेथे कारागिराचा तास महाग आहे. आपल्याकडे कोपऱ्यावरचा फिटर हेच काम काही शे रुपयांत करून देतो. म्हणून कारण अन्यत्र शोधले पाहिजे, आणि ते अविश्वासात सापडते. कंपनीच्या कार्यशाळेत नेले तर साधा बुश बदलायचा असताना अख्खा जोड बदलावा लागेल असे सांगतात. कोपऱ्यावर नेले तर घातलेला भाग अस्सल की नकली ते कळत नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवले की, विकणाऱ्याला माहिती आणि घेणाऱ्याला अज्ञान अशी विषम वाटणी असेल तर चांगला माल बाजारातून हटत जातो. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते याच विचारासाठी. १९७३ मध्ये डार्बी व कार्नी यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. दुरुस्तीसारख्या सेवेत ती घेतल्यानंतरही तिची गरज होती की नाही हे ग्राहकाला समजत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. रविवारी पाना उचलणारा नोकरदार हा अविश्वासाचाच खर्च भागवीत असतो. फक्त तो पैशांत न देता जोखमीत देतो.

या अविश्वासाला बाजाराच्या रचनेने खतपाणी घातले आहे. जानेवारी २०११ मध्ये एका नागरिकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की, मोटार कंपन्या आपले अस्सल सुटे भाग व निदानाची साधने अधिकृत विक्रेत्यांखेरीज कोणाला मिळू देत नाहीत. तक्रार मोजक्या कंपन्यांविरुद्ध होती; चौकशीची व्याप्ती पुढे जवळजवळ सर्व उद्योगापर्यंत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत मारुती सुझुकी, टाटा, महिंद्र, होंडा, टोयोटा अशी घरोघरी परिचित असलेली नावे होती. भाग तयार करणारे कारखानदार वेगळे असले तरी त्यांनी ते खुल्या बाजारात परस्पर विकू नयेत, असे करारच होते.

कंपन्यांचा बचाव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुळातून अभ्यासावा असा आहे. गाडी आणि तिचे सुटे भाग ही एकच बाजारपेठ आहे, असे त्यांचे म्हणणे. शहाणा ग्राहक गाडी घेतानाच तिच्या आयुष्यभराच्या देखभालीचा हिशेब करतो. भाग महाग असतील तर तो दुसरी गाडी घेईल. सबब मक्तेदारी संभवत नाही. पुस्तकात हे बिनतोड वाटते. परंतु पाच वर्षांनी मागची स्प्रिंग किती रुपयांना मिळेल हे गाडी घेताना किती जणांना सांगता येते? तो आकडा विक्रेताही सांगत नाही. आणि एकदा सहा-सात लाख रुपये गुंतल्यावर महाग स्प्रिंगेसाठी गाडी बदलणारा ग्राहक पुस्तकातच भेटतो. आयोगाने हा बचाव फेटाळला आणि प्रत्येक कंपनी स्वतःच्या गाड्यांच्या सुट्या भागांपुरती प्रभुत्वाच्या स्थानी आहे असे ठरवले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९२ मध्ये कोडॅक कंपनीच्या यंत्रदुरुस्तीच्या खटल्यात, मूळ यंत्राच्या बाजारात स्पर्धा आहे एवढ्यावरून भागांच्या बाजारातली मक्तेदारी अशक्य ठरत नाही, असे म्हटले होते. त्या देशात १९७५ च्या कायद्यानुसार, केवळ दुसऱ्याने बनवलेला भाग वापरला म्हणून हमी रद्द करता येत नाही.

आयोगाचा दंडापेक्षा महत्त्वाचा भाग त्याचे निर्देश हा होता. भाग व साधने खुल्या बाजारात उपलब्ध करा, त्यांच्या किमती व पर्यायी भागांची माहिती जाहीर करा, बाहेर दुरुस्ती केली म्हणून हमी सरसकट रद्द करू नका. हे सर्व अमलात आले असते तर दहा वर्षांत चित्र पालटले असते. परंतु आदेशाची वाट न्यायालयांतून गेली. टोयोटा, फोर्ड व निस्सान यांच्या अपिलांत अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये आयोगाचा निष्कर्ष उचलून धरला. इतर कंपन्यांनी स्पर्धा कायद्याच्या घटनात्मकतेलाच आव्हान दिले, आणि एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने काही तरतुदी वगळता तो कायदा वैध ठरवला. एवढ्या काळात, तक्रार झाली तेव्हा नव्या असलेल्या किती गाड्या भंगारात गेल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

कंपन्यांच्या बाजूने सुरक्षिततेचा मुद्दा नेहमी मांडला जातो आणि तो पोकळ नाही. नकली शॉकॲब्सॉर्बर बाहेरून अस्सलासारखाच रंगवलेला असतो. आतल्या तेलाची व झडपेची परीक्षा खड्ड्यातच होते. पण नकली मालाचा धंदा चालतो तो अस्सल माल महाग आणि दुर्मीळ ठेवल्यामुळे, ही दुसरी बाजू त्या युक्तिवादात येत नाही. शासनही या बाबतीत निर्दोष नव्हते. कित्येक वर्षे बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्के जी. एस. टी. होता. म्हणजे जुनी गाडी सुरक्षित ठेवणे ही चैन मानली गेली, आणि पावती न घेण्याचा मोह ग्राहक व दुकानदार या दोघांनाही झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर १८ टक्क्यांवर आला, हे योग्य झाले. ज्या व्यवसायातली उलाढाल २०२३-२४ या वर्षी ९० हजार कोटी रुपयांच्या वर होती, त्याच्या दृष्टीने ही सवलत किरकोळ नव्हे.

कायद्याची भाषा मात्र अजून ग्राहकाला अंधारात ठेवणारी आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड अशी तरतूद केली. मग दुसऱ्या कंपनीने बनवलेली, पण मूळ मापाची स्प्रिंग घालणे हा बदल की दुरुस्ती? रबरी बफर हा सुटा भाग की फेरफार? शिक्षक असो वा कारकून, स्वतः कायदा वाचून त्याला याचे उत्तर मिळत नाही, आणि परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर तर त्याहून मिळत नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारींचा समावेश होता. पुढे दुरुस्तीक्षमतेचा निर्देशांक सुचवणाऱ्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. त्याचा रोख मात्र भ्रमणध्वनी व विद्युत् उपकरणांवर होता. भ्रमणध्वनीची बॅटरी सहज बदलता यावी ही अपेक्षा रास्त आहे. पण ज्या वस्तूच्या नादुरुस्तीने माणसे मरतात तिच्याबाबत आधी विचार व्हायला हवा होता. कार्यशाळेसाठी लिहिलेल्या दुरुस्तीपुस्तिका कंपन्यांनी माफक किमतीत कोणालाही विकाव्यात, प्रत्येक वाहनासाठी चालू शकणाऱ्या पर्यायी स्प्रिंगा व शॉकॲब्सॉर्बर यांची प्रमाणित यादी परिवहन खात्याने प्रसिद्ध करावी, आणि बाहेरून टाकी बसवलेल्या गाडीची तपासणी करताना मागची उंचीही मोजावी, या मागण्या अवाजवी नाहीत. यांपैकी पहिलीला तर शासनाचा एक पैसाही खर्च येत नाही.

तूर्त आवारातला तो नोकरदार चाक परत चढवतो, जॅक उतरवतो, गाडीची मागची बाजू दोनदा दाबून पाहतो आणि समाधानाने हात पुसतो. शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट किती जोराने आवळायचा याचा नेमका आकडा कंपनीने ठरवलेला असतो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत टायरमधील हवेचा दाब आहे, गाणी कशी लावावीत याची सविस्तर माहिती आहे; हा आकडा मात्र तीत नाही. म्हणून त्याने तो अंदाजाने आवळलेला असतो.