बाटली, बाळ आणि सरकार

भाच्याच्या लग्नाला बऱ्हाणपूरला गेलो होतो, तेव्हा तापीपलीकडचा जैनाबादचा आहुखाना पाहिला. १६३१ साली मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात बऱ्हाणपुरात गेली. तिला आधी इथे पुरले, सहाएक महिन्यांनी आग्र्याला नेले. मेलेल्या बाईसाठी राज्याने काय केले, ते सारे जग बघायला जाते. पण जिवंत बाईच्या बाळंतपणात राज्याने कुठवर यावे?

हा प्रश्न मांडवातल्या गप्पांतून निघाला. एक गृहस्थ म्हणाले, "मोहाची पिऊन बाळंत होणाऱ्या बायकांना सरकारने एक पैसा देऊ नये." रोख जननी सुरक्षा योजनेवर होता. तिकडे खेड्यातली बाई सरकारी दवाखान्यात बाळंत झाली, की तिला १४०० रुपये मिळतात.

त्यांचा राग खोटा नाही. आईने घेतलेली दारू वारेतून बाळापर्यंत पोचते, मेंदूला झालेली इजा जन्मभर राहते आणि 'एवढी चालेल' असे कुठलाही डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही. त्या बाळाच्या वतीने कुणीतरी बोलायला हवेच.

पण मी कारकून माणूस. फॉर्मवर 'दारू घेता का?' असा रकाना आणि त्यापुढे पैसे कापायची तरतूद आली, की काय होणार हे मला ठाऊक आहे. सगळ्या 'नाही' म्हणणार. आणि जिला खरी गरज, ती दवाखान्याची पायरीच चढणार नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९९८ साली पिणाऱ्या गरोदर बाईला ताब्यात घेण्याचा कायदा केला. तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचाच अशा शिक्षांना विरोध आहे, कारण भीतीने बायका डॉक्टरांना टाळतात.

आणि शिक्षा करणाऱ्याचे हात तरी कोरडे आहेत का? मध्य प्रदेश सरकारने २०२२ साली मोहाची दारू 'हेरिटेज' म्हणून विकायचे धोरण आणले. आम्हा गोवेकरांनाही फेणीला २००९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा केवढा अभिमान! २०१९ पासून बाटलीवर सक्तीचा झालेला इशारा आरोग्याबद्दल आणि गाडी चालवण्याबद्दल बोलतो. पोटातल्या बाळाबद्दल अवाक्षर नाही.

सरकारने यावे, जरूर यावे. बाटलीवर छापावे. आशाताईंना नीट विचारायला शिकवावे आणि बाईने सांगितलेले त्यांच्यापाशीच राहील याची हमी द्यावी. दारू सोडवण्याची सोय जवळच्या दवाखान्यात करावी, बाईची आणि तिच्या नवऱ्याचीही. पैसे मात्र कापू नयेत. ते कापले तर ती घरीच बाळंत होईल, आणि बाळाच्या नावाने केलेली शिक्षा पहिली बाळालाच भोगावी लागेल.