विश्लेषण : मोफत आलेली ‘जिओ’ बाजारावर स्वार कशी झाली? स्पर्धा कायदा कमी का पडला?

विठ्ठलवाडी स्थानकाबाहेर दहा वर्षांपूर्वी सिमकार्ड घ्यायचे तर व्होडाफोन, एअरटेल, आयडिया, एअरसेल, रिलायन्स कम्युनिकेशन्स, टाटा डोकोमो असे पर्याय होते. आज खासगी कंपन्या तीनच उरल्या आहेत आणि त्यातली एक तर निम्मी सरकारच्या मालकीची. या काळात रिलायन्स जिओ देशातील सर्वांत मोठी मोबाइल कंपनी झाली. दरवाढ झाली की दुसरीकडे जावे, तर जायचे कुठे, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला आहे.

विठ्ठलवाडी कोणत्या परिमंडळात?

लँडलाइनचा कोड कल्याणचा, ०२५१, आणि सेवा बीएसएनएलची. मोबाइल परवान्यासाठी मात्र हा परिसर ‘मुंबई’ परिमंडळात येतो, कारण त्यात मुंबई, नवी मुंबई यांच्याबरोबर कल्याण टेलिफोन्सचे क्षेत्रही धरले आहे. त्यामुळे मुंबईतल्या दरयुद्धाचा फायदा उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरलाही मिळाला.

जिओची सुरुवात कशी झाली?

जून २०१० च्या लिलावात इन्फोटेल ब्रॉडबँड या फारशा कुणाला माहीत नसलेल्या कंपनीने २२ परिमंडळांतील ब्रॉडबँड ध्वनिलहरी सुमारे १२,८४८ कोटी रुपयांना मिळवल्या. त्याच दिवशी रिलायन्स इंडस्ट्रीजने ४,८०० कोटींना तिचा ९५ टक्के हिस्सा घेतला. या ध्वनिलहरी इंटरनेटसाठी होत्या. २०१३ मध्ये १,६५८ कोटी भरून कॉलचीही मुभा मिळाली. ही रक्कम फारच कमी असल्याचा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता.

सेवा सुरू झाली ५ सप्टेंबर २०१६ रोजी. आधी डिसेंबरअखेर आणि नंतर मार्च २०१७ पर्यंत सगळे मोफत. साडेपाच महिन्यांत दहा कोटी ग्राहक झाले. जिओचे जाळे फक्त ४जीचे होते. स्पर्धकांना २जी, ३जी आणि ४जी अशी तिन्ही जाळी सांभाळावी लागत होती, शिवाय डोक्यावर कर्ज. ‘ट्राय’च्या आकडेवारीनुसार एक जीबी डेटाचा सरासरी दर २०१४ मध्ये २६९ रुपये होता, तो २०१८ मध्ये १२ रुपयांच्याही खाली आला.

मग स्पर्धा आयोगाने काय केले?

खरी गोम इथे आहे. मोफत सेवा म्हणजे स्पर्धकांना संपवण्यासाठीची दरकपात, अशी तक्रार एअरटेलने केली. जून २०१७ मध्ये स्पर्धा आयोगाने ती फेटाळली. कायद्यानुसार अशी दरकपात हा गुन्हा ठरतो तो बाजारात वर्चस्व असलेल्या कंपनीसाठी. जिओचा हिस्सा तेव्हा सात टक्क्यांच्या आत होता. नियमाच्या चौकटीत हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पण ज्या काळात जिओ मोफत होती त्या काळात ती मोठी नव्हती आणि मोठी झाली तेव्हा ती मोफत उरली नव्हती. कायद्याच्या कचाट्यात ती कधी सापडणार?

‘ट्राय’ने फेब्रुवारी २०१८ मध्ये अशा दरकपातीची व्याख्या केली खरी, पण मोठी कंपनी ठरवण्याची अट ३० टक्के हिश्श्याची ठेवली. जिओ तेव्हा त्याखालीच होती. त्याच डिसेंबरमध्ये दूरसंचार लवादाने ही तरतूदही रद्द केली.

स्पर्धकांना जिओनेच संपवले का?

हे अर्धसत्य आहे. जिओ आली तेव्हा तिचे कॉल जोडण्यासाठी पुरेसे जोडबिंदू जुन्या कंपन्यांनी दिले नाहीत, म्हणून ‘ट्राय’ने एअरटेल, व्होडाफोन, आयडियावर मिळून ३,०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली होती. तीही काही साधी माणसे नव्हती. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये समायोजित महसुलाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि आधीच कर्जात असलेल्या, २०१८ मध्ये विलीन झालेल्या व्होडाफोन आयडियाचे कंबरडे मोडले. थकबाकीचे समभागांत रूपांतर होत होत २०२५ मध्ये सरकारचा हिस्सा सुमारे ४९ टक्क्यांवर गेला.

ग्राहकाच्या खिशावर परिणाम काय?

‘कॉल कायम मोफत’ या घोषणेला ऑक्टोबर २०१९ मध्येच मुरड पडली. इतर कंपन्यांच्या क्रमांकांसाठी मिनिटाला सहा पैसे लागू झाले, ते २०२१ च्या सुरुवातीला गेले. जुलै २०२४ मध्ये तिन्ही कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत दर वाढवले. जिओची वाढ १२ ते २५ टक्के होती. ऑगस्ट २०२५ मध्ये रोज एक जीबीचा २४९ रुपयांचा २८ दिवसांचा प्लॅन बंद झाला आणि एअरटेलनेही लगेच तेच केले. डेटा नको असलेल्यांसाठी ‘ट्राय’च्या आदेशाने फक्त कॉल-एसएमएसचे प्लॅन आले, पण जिओचा तो ८४ दिवसांना ४४८ रुपयांचा, म्हणजे २८ दिवसांना सुमारे १५० रुपये. घरातल्या वृद्धांचा साधा फोन किंवा बँकेच्या ओटीपीसाठी ठेवलेला दुसरा क्रमांक चालू ठेवायलाही एवढे मोजावे लागतात.

बीएसएनएलची देशी बनावटीची ४जी सेवा सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली, तीही जिओनंतर नऊ वर्षांनी.

पुढे काय?

ग्राहकसंख्या ५० कोटींपुढे गेल्याचे सांगत, २०२६ च्या पहिल्या सहामाहीत शेअर बाजारात उतरण्याचे लक्ष्य रिलायन्सने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. सप्टेंबर २०२५ च्या तिमाहीत जिओला एका ग्राहकामागे महिन्याला २११ रुपये मिळत होते, तर एअरटेलला २५६. शेअर घेणारा हे अंतर कधी भरून निघणार, असे विचारणारच आणि ते भरून काढायचा सर्वांत सोपा रस्ता रिचार्जच्या दरातूनच जातो.