घर लावलं तिनं, नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, गेल्या पाच-सहा वर्षांत तुमच्याही गावात एखादं तरी पुण्या-मुंबईचं बिऱ्हाड राहायला आलं असेल. आमच्या वाईत तर आता दर आळीत एखादं सापडतं. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करायची सवय लागली आणि लोकांच्या लक्षात आलं, की नोकरी शहरात ठेवून आपण गावात राहू शकतो. मग शनिवार-रविवारी गाडी काढून जागा बघणं सुरू झालं. वाई बघायला आलेला माणूस भुलतोच. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, पसरणीचा घाट चढला की पाचगणी. 'स्वदेस' सिनेमातलं गाव मेणवलीचंच, हे आल्या पाहुण्याला आम्ही न विचारता सांगतो!

शहरातला फ्लॅट विकायचा, इथे रो-हाऊस घ्यायचं, पुढे तुळशीवृंदावन आणि मागे कढीपत्त्याचं झाड. वर्तमानपत्रांत अशा कुटुंबांच्या गोड हकिकती येतात, फोटोसकट. त्या वाचताना माझी नजर मात्र त्या घरातल्या बाईवर जाते. पुरुषाची नोकरी वायरीतून त्याच्यामागे गावात आली. तिची कुठे गेली?

आमच्या आळीत असंच एक कुटुंब आलं. बाई शहरात बालवाडीच्या शिक्षिका होत्या, पंधरा वर्षं. तिथली नोकरी सुटली. इथे त्या दर्जाची जागा मिळेना. सकाळी नवऱ्याची मीटिंग सुरू, म्हणून मिक्सर लावायचा नाही. दुपारी सासूबाईंचं पथ्याचं जेवण, संध्याकाळी मुलाचा नवीन शाळेतला मागे पडलेला अभ्यास. त्यात सुट्टी लागली रे लागली, की 'तुमचं गाव बघायला येतोय' म्हणत पाहुणे. पूर्वी घरी सगळे नऊ ते सहा बाहेर असायचे. आता सगळे दिवसभर घरात, आणि चहा चार वेळा.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत आकडा आला, की घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे आपले जवळजवळ पाच तास, त्यांचा दीड. त्यात मुलांचं, म्हाताऱ्यांचं करणं वेगळं मोजलंय बरं का. घर बदललं, गाव बदललं की हे तास वाढतात, कारण दूधवाला कोण, गिरणी कुठली, डॉक्टर कुठला इथपासून सगळं नव्याने लावायचं असतं. ते कोण लावतं, हे तुम्हाला मी काय सांगावं!

तसं बघितलं तर दुसऱ्याच्या गावी जाऊन घर लावणं आपल्याला नवीन नाही. २०२०-२१ च्या सरकारी पाहणीप्रमाणे स्थलांतर केलेल्या बायकांपैकी ८६.८ टक्के लग्नामुळे गाव सोडून आलेल्या होत्या. त्याखालोखाल घरातल्या कमावत्या माणसामागे किंवा आईवडिलांबरोबर आलेल्या. एकदा माहेर सोडून आलेली बाई चाळिशीत पुन्हा एकदा गाव सोडते, ओळखीपाळखी सोडते. मग या वेळी तरी घराच्या कागदावर तिचं नाव लागतं का?

आमच्या आळीतल्या बाईंचं लागलं नव्हतं. पहिल्या फ्लॅटच्या हप्त्यांत त्यांचा पगार गेला होता, चार बांगड्याही गेल्या होत्या. तो फ्लॅट विकून आलेल्या पैशांत हे घर झालं, पण दस्त एकट्या नवऱ्याच्या नावाने. का, तर 'धावपळीत राहून गेलं'. नवरा वाईट नाही हो. 'अगं, माझं ते तुझंच ना!' म्हणतो. त्यावर आमच्या बचत गटातल्या एका आजींनी तोंडावर विचारलं, "मग कागदावर लिवाया काय हरकत हाय?"

यातली गंमत अशी, की बाईच्या नावावर घर घेणं आपल्या राज्यात स्वस्त पडतं. १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त बाईच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ४५ लाखांच्या घराला ४५ हजार रुपये वाचतात. सुरुवातीला अट होती, की ते घर पंधरा वर्षं कुणा पुरुषाला विकायचं नाही. गैरफायदा घेऊ नये म्हणून घातलेली ती अट उलट बाईचेच हात बांधणारी होती. २०२३ मध्ये ती काढून टाकली, हे चांगलं झालं. नवरा-बायको दोघांच्या नावाने घेतलं तर ही सवलत मिळत नाही. तरी पण मी म्हणेन, सवलत गेली तर जाऊ द्या, नाव दोघांचं लावा. कर्ज नवऱ्याच्या पगारावर असेल तर एकट्या बाईच्या नावाचा हट्ट बँकेपुढे टिकत नाही, हे मला माहीत आहे.

आणि दस्त होऊन गेला असला तरी वाट बंद होत नाही. राहतं घर किंवा त्यातला हिस्सा नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिला, तर महाराष्ट्रात त्यावर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. नोंदणीचा खर्च आणि स्थानिक अधिभार वेगळा लागू शकतो, तेव्हा आधी वकिलाला विचारून घ्या. साडीच्या किमतीचा विचार केला तर २०० रुपये म्हणजे काय!

हा विचार काही शहरातून आलेला नाही. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावावर केला. कुणब्याच्या बाईला जे मिळालं, ते रो-हाऊसमधल्या पदवीधर बाईला मागायला संकोच का वाटावा?

कुणी म्हणेल, कायद्याने बाईला घरातून काढता येतच नाही. खरं आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने एकत्र राहत्या घरात राहायचा हक्क दिला आहे, आणि ते घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तो हक्क मागता येतो असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण तो हक्क राहण्यापुरता. घर विकायचं, गहाण टाकायचं की ठेवायचं, हे नाव असलेला माणूस ठरवतो.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण आपण बहुतेक जणी गावातल्याच. बाहेरचं बिऱ्हाड आलं की आपल्याला आनंद होतो. डबे जातात, पापड-लोणची जातात, शिवण मिळतं. हळद तर वाईची म्हणून आवर्जून नेतात. पण जागांचे भाव चढले, हेही खरं. आमच्या गटातली एक बाई जुन्या वाड्यात दोन खोल्यांत राहायची. घरकामं करून मुलं वाढवली. वाडा पाडायचा ठरला आणि तिला गावाबाहेर जावं लागलं. आता कामावर यायला रिक्षाचे पैसे मोडतात. तिच्याकडे भाड्याचा कागदच नव्हता, सगळा व्यवहार तोंडी. भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, असं १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा सांगतो, आणि नोंदणीची जबाबदारी त्याने घरमालकावर टाकली आहे. पण 'काकू, आपल्यात कशाला कागद?' म्हटलं की आपण गप्प बसतो. आळीत सुखासमाधानाने नवीन घर लागताना दुसरं कुणाचं तरी उठत असतं, आणि त्या उठणाऱ्या घरातही भोगते ती बाईच.

कागदांचं महत्त्व आपल्याला २०२४ मध्ये चांगलंच कळलं. लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले आणि अंगणवाडीत रांगा लागल्या. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर जुन्या गावचा पत्ता, बँकेत खातंच नाही. किती जणींनी तेव्हा पहिल्यांदा स्वतःचे कागद स्वतःच्या हातात घेतले! तोवर ते नवऱ्याच्या फायलीत असायचे. रेशनकार्डाचं म्हणाल तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली सर्वांत मोठी सज्ञान बाई हीच कुटुंबप्रमुख धरली आहे, आणि गाव बदललं तरी त्या कायद्याखालचं धान्य दुसऱ्या गावच्या दुकानातून घेता येतं. दुकानदार 'तुमचं कार्ड इथलं नाही' म्हणाला तर परत फिरू नका, तहसील कचेरीत पुरवठा विभागाकडे जा.

मतदार यादीकडे तर कुणाचं लक्षच नसतं. नगरपालिकांच्या निवडणुका कित्येक वर्षं रखडल्या, प्रशासक कारभार बघत होते. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झालं. निम्म्या जागा बायकांना राखीव. पण नव्याने आलेल्या किती बायकांची नावं यादीत होती? नवरा आधार, गॅस, गाडीची कागदपत्रं सगळं बदलून घेतो, बायकोचं मत जुन्या शहरातच राहतं. आपल्या नळाला पाणी किती वेळ येतं, घाटावरचा कचरा कोण उचलतं, शाळेजवळ दिवा का नाही, हे जिला रोज दिसतं तिलाच मत नाही, आणि यादीत नाव नाही म्हणजे उभंही राहता येत नाही. पत्ता बदलायला ८ नंबरचा फॉर्म भरायचा, आपल्या भागाच्या बीएलओकडे किंवा मोबाइलवरूनही भरता येतो. बऱ्याचदा अंगणवाडीच्या ताई किंवा शाळेतले शिक्षकच बीएलओ असतात, म्हणजे ओळखीचेच.

तेव्हा पुढच्या हळदीकुंकवाला नव्या बिऱ्हाडातली बाई आली, की 'तुम्ही कुणाकडच्या?' एवढ्यावर थांबू नका. तिचं स्वतःचं नाव विचारा, आणि ते घराच्या कागदावर आणि यादीत लागलंय का तेही. बरोबर आपल्या मोलकरणीलाही बोलवा. तिच्या खोलीचा करार झालाय का, हेही त्याच बैठकीत निघू द्या.