तिप्पट वेगवान, पण कुणाच्या फोनवर?

आमच्याकडे येणाऱ्या लेखांत ‘हे फंक्शन तिप्पट वेगवान आहे’ असं बेधडक लिहिलेलं असतं. कुठल्या फोनवर, कुठल्या डेटावर, याचा मात्र पत्ता नसतो. असे आकडे पुढच्या अंकापासून छापायचे नाहीत, असं आम्ही ठरवलं आहे.

समजा, मेहकर तालुक्यातल्या पाचेक हजार शेतकऱ्यांची यादी गावाच्या आणि माणसाच्या नावानुसार अकारविल्हे लावायची आहे. जावास्क्रिप्टचं नुसतं सॉर्ट() वापरलं तर काम झटपट होतं, पण चुकीचं. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ला लागून, ‘व’च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. त्यामुळे कळंबेश्वर उगाच ‘कव’, ‘कस’वाल्या गावांच्या वर चढून बसतं. मग आपण लोकेलकम्पेअरकडे वळतो. त्याला भाषेबरोबर पर्यायही दिले, तर प्रत्येक तुलनेला नवा कोलेटर, म्हणजे भाषेच्या क्रमाने तुलना करणारा ऑब्जेक्ट, बनतो, आणि पाच हजार नावांना तुलना लागतात पन्नास-साठ हजार. इंटल.कोलेटर एकदाच बनवून ठेवला की हा भार जातो.

हे मोजताना बहुतेक जण इंग्रजी नावं घेतात. तिथेच घोळ होतो. क्रोमच्या व्ही-एट इंजिनात साध्या रोमन अक्षरांच्या तुलनेला जवळची वाट आहे; देवनागरीला लांबून जावं लागतं. दुसरा घोळ याहून नामी. सॉर्ट मूळ अ‍ॅरेच बदलतो, म्हणून मोजणीच्या लूपच्या दुसऱ्या फेरीपासून आपण आधीच लावलेली यादी लावत बसतो आणि आकडा पाहून खूश होतो! दर फेरीला ताजी प्रत हवी, तीही घड्याळ सुरू करण्याआधी काढलेली.

घड्याळ म्हणून डेट.नाउ नको. यंत्राची वेळ मध्येच जुळवली गेली तर ते मागेही सरकतं. परफॉर्मन्स.नाउ मागे जात नाही. पण 2018 मध्ये उघड झालेल्या स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटीनंतर ब्राउझरांनी त्याची धार मुद्दाम बोथट केली. एरवीच्या पानांवर क्रोम 100 मायक्रोसेकंदांपर्यंतच नेमकं सांगतो, सफारी तर 1 मिलिसेकंदापर्यंत. छोटं फंक्शन एकदाच चालवलं तर उत्तर शून्य येऊ शकतं. म्हणून हजारदा चालवावं, तर तोवर जेआयटी कंपायलर ते तापवून सुसाट करतो, आणि निकाल कुठे वापरलाच नसेल तर काही वेळा ते कामच गाळून टाकतो.

‘वॉर्म-अप’च्या फेऱ्या फेकून द्याव्यात, असं पुस्तकं सांगतात. सर्व्हरपुरतं ठीक. जानेफळच्या किंवा डोणगावच्या माणसाने यादी एकदाच उघडली, तर त्याच्या वाट्याला पहिली, थंड फेरीच येते. वापरणाऱ्याला जाणवणाऱ्या अशा वेळेसाठी मार्च 2024 पासून गूगलच्या कोअर वेब व्हायटल्समध्ये आयएनपी आहे, म्हणजे बोट लावल्यापासून पडदा बदलेपर्यंतचा वेळ. चांगल्याची हद्द 200 मिलिसेकंद. डेव्हटूल्समधलं सीपीयू थ्रॉटलिंग अंदाजाला बरं, पण त्याने लॅपटॉपची रॅम काही कमी होत नाही. स्वस्तातला अँड्रॉइड केबलने जोडा आणि तिथे मोजा.

तेव्हा लेखासोबत फोनचं मॉडेल, रॅम आणि ब्राउझरची आवृत्ती कळवा. पहिल्या फेरीचा वेळ वेगळा द्या, उरलेल्यांचा मध्यक आणि सर्वांत वाईट आकडा वेगळा. नुसती सरासरी नको. मध्येच गार्बेज कलेक्शन आलं की ती भलतीकडे जाते. आणि चाचणीतली नावं देवनागरीतच ठेवा.